बसून ठरवू

डॉक्टरांनी मगदूम सरांच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि सांगितलं, "वरचा रक्तदाब एकशे साठ आहे."

सर म्हणाले, "लय सांगताय. एकशे चाळीसला लिवा."

डॉक्टर पुण्याहून नवीनच आलेले. त्यांना वाटलं, पेशंट घाबरला. त्यांनी शांतपणे समजावलं, की हा यंत्रानं दाखवलेला आकडा आहे, त्यात कमीजास्त करता येत नाही.

"असं कसं? तुमी जरा खाली या, मी जरा मीठ सोडतो. बसून ठरवू."

महिन्याभरानं पुन्हा मोजला तर एकशे बेचाळीस भरला. कुणीही खूश झालं असतं. सर मात्र घरी येईपर्यंत कुरकुरत होते. "मी ठरल्यापरमानं मीठ सोडलं की न्हाई? डॉक्टरनं दोन ठेवूनच घेतले."

प्रा. भूपाल मगदूम आमच्या कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे. कऱ्हाडहून सांगलीकडे जाताना उसाच्या मळ्यांत एक पिवळी इमारत दिसते, ते आमचं कॉलेज. मी तिथं ग्रंथपाल. ग्रंथालय आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे, त्यामुळे त्यांचं अध्यापन मला नोकरीभर फुकट ऐकायला मिळालं. अर्धमागधी ही जैनांच्या आगमांची भाषा. ती मला अजून येत नाही, पण मगदूम सर मला बऱ्यापैकी येतात.

त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगलीला हळदीची अडत. त्या बाजारात पूर्वी भाव मोठ्यानं बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून सौदा करायचे. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच कळायचा. सर लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हे बघत मोठे झाले. पुढे अडत भावाकडे गेली, सर कॉलेजात आले, पण पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही हा संस्कार मात्र कायम राहिला.

एसटीत कंडक्टर म्हणायचा, "पुढं सरका." सर विचारायचे, "किती?" विद्यार्थी वाढीव गुण मागायला आला, की ते त्याला हाकलून देत नसत. समोर बसवून एकेका ओळीचा भाव ठरवत. तासाभरानं तो पोरगा आधीपेक्षा एक गुण कमी घेऊन आणि वर सरांचे आभार मानून बाहेर पडे. सुलोचनावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहात साखर घालायच्या तेव्हासुद्धा डब्यापाशी वाटाघाटी चालत. फक्त बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सर फार वेळ थांबत नसत. मी एकदा कारण विचारलं.

"आवं, आमचे तीर्थंकर काही देत न्हाईत आणि काही घेत न्हाईत," सर म्हणाले. "त्यांच्यापुढं माझं काय चालणार?"

माझी पत्नी गेली तेव्हा ते रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचे. मला जेवण जात नव्हतं. "दोन भाकरी," ते म्हणायचे. मी नको म्हणायचो. "एक." नको. "अर्धी. आता याच्या खाली परवडत न्हाई मला." पहिल्या दिवशी चतकोरावर सौदा पटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कालचा भाव चतकोर होता, आज बाजार चढलाय, असं सांगून अर्धी खायला लावली. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता त्यांनी मला दोन भाकरींवर आणून सोडलं.

आता त्यांच्या विभागाविषयी. विभाग म्हणजे सर, एक फळा आणि एक कपाट. एके काळी वर्गात पंधरा-वीस मुलं असत. मग दहा, मग चार. एका जूनमध्ये कुणीच आलं नाही. तेव्हा सुलोचनावहिनींनी पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. पद्मजा, त्यांची एकुलती मुलगी, तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला तोवर दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून वहिनी घराबाहेर पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या एकदम वही घेऊन कॉलेजच्या फाटकात उभ्या राहिल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, सर डबा विसरले.

सर वर्गात नातं मानत नसत. वहिनींच्या गुणांना ते हात लावायचे नाहीत. आपण जवळचे नातेवाईक आहोत असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि पेपर शेजारच्या कॉलेजातल्या संस्कृतच्या बाई तपासायच्या. पण शिस्त म्हणजे शिस्त. दोघं एकाच स्कूटरवरून यायचे. सर उतरून तडक वर्गात जायचे, गाडी वहिनी लावायच्या. मग भिंतीपलीकडून ऐकू यायचं:

"मगदूम सुलोचना भूपाल."

शांतता. धावत आलेल्या चपलांचा आवाज. "हजर, सर."

"उशीर का झाला?"

"सर, गाडी लावत होते."

"रोज तेच कारण. उद्यापासून घरातून लवकर निघत जा."

"सर, आमचे हे आंघोळीला फार वेळ लावतात."

भिंतीच्या अलीकडे वर्तमानपत्र वाचणारी मुलं तोंडावर हात दाबून बाहेर पळायची. मी तोंडासमोर एखादं पुस्तक धरायचो.

हे असं वहिनींच्या तिसऱ्या वर्षापर्यंत छान चाललं होतं. आणि मग सरकारनं अनुदानाची पद्धत बदलायला घेतली.

नवी योजना अशी होती: आजवर कॉलेजला पटावर अनुदान मिळे, आता करारावर मिळणार. प्रत्येक कॉलेजनं सरकारपुढं बसायचं. आमचं वेगळेपण काय, आम्ही पुढच्या तीन वर्षांत काय करून दाखवू, त्यासाठी आम्हाला काय लागेल, हे सांगायचं. सरकार त्यावर आपली मागणी ठेवणार. मग दोन्ही बाजूंनी बोलणी करून करार. कागदावर लिहिलं होतं, 'वाटाघाटीद्वारे उद्दिष्टनिश्चिती'.

मगदूम सरांनी तो शब्द तीनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "म्हंजे," ते हळूच म्हणाले, "सरकार बसून ठरवणार?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

आमचे प्राचार्य घोरपडे सर रहिमतपूरकडचे. घरातली निम्मी माणसं फौजेत, हे स्वतः एन.सी.सी.त. त्यांनी करार समितीला 'तुकडी' म्हणायला सुरुवात केली; तीत मगदूम सर होते आणि मीही होतो. आमचं वेगळेपण त्यांनी एका दुपारीत लिहून काढलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: "निसर्गरम्य समुद्रकिनाऱ्यालगत वसलेल्या आमच्या महाविद्यालयाने मत्स्यव्यवसायाच्या क्षेत्रात..."

कोकणातल्या कुठल्यातरी कॉलेजचा मजकूर इंटरनेटवरून घेतला होता. फक्त गावाचं नाव बदललं होतं.

"सर," मगदूम सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "आपल्याला समुद्र कवा मिळाला? बोलणीत मागायचा व्हता तर आधी सांगायचं. आता हातात हाय म्हटल्यावर त्याच्यावर काय मिळत न्हाई."

त्याच क्षणी त्यांची वाटाघाटीचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. दुसरा लायक माणूस पंचक्रोशीत नव्हता.

बैठक संपल्यावर घोरपडे सर आम्हा दोघांना थांबवून, दार लावून घेत म्हणाले, "मगदूम सर, एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. सरकारला लहान विभाग बंद झालेले पायजेत. तुमचा विभाग शेवटाला सोडावा लागंल. शेवटाला हां. तोवर पोझिशन सोडायची न्हाई. पण न्हाईच जमलं, तर तेवढी कुर्बानी."

म्हणजे सौदा करायला मगदूम सरच जाणार, आणि तराजूत त्यांचाच वर्ग घातलेला. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. विभाग गेला तर सरांना दुसऱ्या कॉलेजात पाठवून नोकरी सांभाळली असती. पण वर्ग गेलाच असता. सर म्हणाले, "बघू या. बसल्याबिगर काय कळत न्हाई."

बोलणी महाबळेश्वरला ठेवली होती, ऐन ऑगस्टात. त्या दिवसांत तिथं हॉटेलं रिकामी असतात, म्हणून सरकारला स्वस्त पडतात. ती रिकामी का असतात ते आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. धुकं फक्त बाहेर नव्हतं, ते सभागृहात आलं होतं आणि पहिल्या रांगेत बसलं होतं. खुर्च्या ओल्या, कागद ओले, गादीवर बसलं की पाणी निघे. सातारा-सांगलीची कॉलेजं एकापाठोपाठ एक उठून आपलं वेगळेपण सांगत होती. सगळे म्हणत होते, 'ग्रामीण भागातील होतकरू विद्यार्थ्यांसाठी झटणारी एकमेव संस्था'. सगळ्यांचं वेगळेपण अगदी एकसारखं होतं.

आमच्या समोर आलेले साहेब नागपूरकडचे, गोल चेहऱ्याचे, हसरे. त्यांनी कानटोपी घातली होती.

"बोला सर, काय पाहिजे तुमच्या कॉलेजला?"

"जलतरण तलाव," मगदूम सर म्हणाले.

घोरपडे सरांना ठसका लागला. आमच्या यादीत तलाव नव्हताच. यादीत होती रसायनाची प्रयोगशाळा, आणि डोंगराकडच्या गावांतल्या मुलींसाठी बस.

"अहो सर, असं नाही न चालत. पोहायला तुमच्याकडे कृष्णा आहे ना?"

"साहेब, कृष्णेत मगरी हायत."

साहेब घोरपडे सरांकडे वळले. "खरंच?"

"जी सर," घोरपडे सर ताठ होत म्हणाले. "लय मोठ्या."

"मग तलावाचं... कठीण आहे हो."

"बरं, सोडला तलाव," सर मोठ्या मनानं म्हणाले. "तुमचा मान राखायचा म्हणून. पण मग प्रयोगशाळा तरी द्या."

अशा रीतीनं त्यांनी तलाव सोडून प्रयोगशाळा घेतली. मग विमानतळ सोडून बस. विमानतळाचं मी मराठी वाचकांना शपथेवर सांगतो, ते खरोखर बोलले. साहेब हसता हसता कानटोपी काढून बसले आणि त्याच वेळी वीज गेली.

सभागृहात काळोख. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज, की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येईना. मगदूम सरांना बहुधा वाटलं असावं, की बाजार भरला, आता खरी वेळ. त्यांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावर हात पुढं केला, साहेबांचा पंजा धरला, वर रुमाल टाकला आणि दोन बोटं दाबली. बसच्या दोन फेऱ्या, सकाळची आणि संध्याकाळची, असा त्याचा अर्थ.

साहेब पुढं वाकून म्हणाले, "सर, तुम्ही हात पाहता? आधी नाही न सांगितलं." आणि रुमालाखालून हात ओढून घेऊन त्यांनी दुसरा पंजा उताणा पुढं केला. "उजवा पाहा. प्रमोशनचं काय दिसतं?"

"साहेब, मला हात वाचाय येत न्हाई. हातानं बोलाय येतं."

"अंधारात दिसत नसंल सर, मी टॉर्च धरतो," घोरपडे सर म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पेटवला. त्या उजेडात शेजारच्या तीन टेबलांवरच्या प्राचार्यांनी आमचे सर आणि सरकार हातात हात घालून बसलेले पाहिले. नंतर जिल्ह्यात बातमी पसरली, की आमचं कॉलेज ज्योतिष पाहून अनुदान मिळवतं.

वीज आली तेव्हा साहेबांनी डोळे पुसले. प्रयोगशाळा लिहिली, बस लिहिली, दोन फेऱ्याही लिहिल्या. मग पेन खाली ठेवलं.

"आता मला काय देता? वर विचारतील, सुधारणा काय झाली. हा तुमचा अर्धमागधीचा विभाग. एक विद्यार्थिनी."

घोरपडे सर छताकडे बघू लागले. मी माझ्या बुटांकडे.

"नियमित हाय, साहेब," मगदूम सर म्हणाले.

"असेल. पण पदवी घेऊन तिला नोकरी काय लागणार? इथं रोजगाराचा रकाना आहे. प्लेसमेंट?"

"झाली की."

"झाली? कुठं?"

"माझ्याकडंच. तिसाच्या वर वर्षं झाली."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते इतके हसले, की दारातला चहावाला आत डोकावला. हसणं ओसरल्यावर मात्र त्यांनी सरांकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. आवाज खाली आणला. "जाऊ द्या. करार तीन वर्षांचा आहे, तीन वर्षं विभाग चालू ठेवा. माझ्या अधिकारात बसतं. लिहितो."

म्हणजे थेट निवृत्तीपर्यंत. घोरपडे सरांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. किल्ला राहिला होता.

"तीन नको, साहेब," मगदूम सर म्हणाले. "हे एक वर्ष पुरं करू द्या. मार्चमधी बंद करा. आन्‌ दोन वर्षं मी सोडली, त्याच्या बदल्यात बस वरच्या वाडीपातुर जाऊ द्या. तिथल्या पोरी शाळा झाली की घरातच बसत्यात."

साहेबांनी एकदा विचारलं, "नक्की?" सरांनी मान डोलावली. साहेबांनी लिहिलं.

पसरणीचा घाट उतरेपर्यंत घोरपडे सर गाडी चालवत होते आणि तोंडही. "हातात आलेली चौकी सोडून आलात! गड्या, फौजेत याला कोर्टमार्शल हाय. माणूस मरंस्तवर भाजीवाल्या बाईशी घासाघीस करतो, आन्‌ हितं सरकार तीन देतंय तर म्हणतो एक द्या! का? मला एवढंच सांगा, का?"

मगदूम सर खिडकीतून बाहेर बघत होते. वाई दिसायला लागल्यावर बोलले.

"पद्मजा गेल्यापासनं घरात आमी दोघं बोलत नव्हतो, सर. भांडण न्हवतं काय. जेवाण वाढलंय, गॅस संपलाय, एवढं बोलायचो. त्याच्या म्होरं एक शब्द काढला, की पोरीचं नाव येणार, याचं दोघांनाबी भ्या. मग हिनं वर्गात नाव घातलं. विभागासाठी घातलं असं लोक म्हंत्यात. म्हणू द्यात. वर्गात मला विचारावंच लागतं आन्‌ हिला सांगावंच लागतं. दुसऱ्याच्या भाषेत बोलायला सोपं पडतं."

घोरपडे सरांनी गाडीचा वेग कमी केला.

"गेल्या आठवड्यात भाकरी थापता थापता ही म्हणाली, आवं, काल त्या शब्दाचा अर्थ तुमी चुकीचा सांगितला. घरात म्हणाली. चुलीपाशी."

"मग?"

"मग काय, भांडलो की! लय भांडलो. भाकरी करपली." सर एकटेच हसायला लागले, ते हसतच राहिले. "आता तीन वर्षं घेऊन काय करू? घरी बोलाय लागली ती."

"मग हे एक वर्ष तरी कशाला ठेवलं?"

"एक प्रश्न राह्यलाय तिचा," सर म्हणाले. "मला ठाव हाय कंचा ते. तो ती घरात विचारायची न्हाई. धीर झालाच तर वर्गातच हुईल."

साताऱ्यापर्यंत घोरपडे सरांनी साधा हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

ते वर्ष इतर वर्षांसारखंच गेलं. वहिनींना उशीर होत राहिला, सर बोलत राहिले. मार्च आला. शेवटच्या तासाला वहिनी वेळेवर आल्या. हजेरी झाली. धडा संपला. मी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांकाच्या पट्ट्या लावत होतो. माझ्या घरी आता बोलायला कुणी नाही, त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं मला जरा जास्तच ऐकू येतं.

"काही शंका?" सरांनी विचारलं. ते दर तासाला विचारायचे.

बाक सरकला, वहिनी उभ्या राहिल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "सर, एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी दवाखान्यात मी खाली औषध आणायला गेले होते. वर येईपर्यंत उशीर झाला. तेवढ्यात ती तुमच्याशी काही बोलली का?"

डस्टर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आगं," सर म्हणाले. त्या वर्गात त्यांनी वहिनींना तुम्हीशिवाय हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "आगं, बोलली की. सांगतो. सगळं सांगतो."

मी पट्ट्या आणि डिंकाची बाटली तिथंच ठेवून बाहेर व्हरांड्यात आलो आणि दार ओढून घेतलं. परीक्षेच्या दिवसांत पुस्तकं बदलायला आलेल्या दोन मुली पायऱ्या चढत होत्या. मी त्यांना थांबवलं, दुपारी या म्हणालो.

"का, सर? ग्रंथालय बंद हाय?"

"नाही," मी म्हणालो, "शेजारी तास चालू आहे."